एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास

१

मार्चमधल्या एका दुपारी सिनेटच्या कारकुनाने अमंडसन हे नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही. जरा वेळाने त्याने ते पुन्हा पुकारलं. तेव्हाही सभागृह गप्पच होतं.

घडलं ते एवढंच. कोणी मेलं नाही की तिजोरी फुटली नाही. पण ठराव एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास असा अडकला, आणि बरोबरी झाली की आमच्याकडे ठराव पडतो. ती फोडायचा अधिकार उपाध्यक्षांना असतो, आणि ते नेमके त्या दिवशी परदेशात होते. एका टोळीला परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत घालायचं आणि तिचा पैसा फिरवणाऱ्या बँकांवर निर्बंध लादायचे, असा तो ठराव होता. टोळीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिची जाहिरात पुष्कळ झाली आहे.

लोवेल अमंडसन तेव्हा बावीस वर्षं सिनेटर होते. या विषयावरचं एकही मतदान त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. बायकोला पोचवून आले आणि दुसऱ्या दिवशी काळ्या कोटातच मत द्यायला उभे राहिले, हे मी स्वतः पाहिलंय. आणि प्रत्येक वेळी मत एकच, ‘होय’, तेही खणखणीत आवाजात. त्या दिवशी मात्र ते सभागृहामागच्या खोलीत, म्हणजे सदस्य जिथे टेकायला जातात तिथे, खुर्चीत बसून होते. दहा जणांनी त्यांना पाहिलं. उठले मात्र नाहीत, आणि का उठले नाहीत ते कोणालाही सांगितलं नाही.

जुलै उजाडला तरी सांगितलं नव्हतं. मग एका मंगळवारी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. मी थिया कोस्तका. कधीकाळी सिनेटर लोकांच्या भानगडी तपासणं हे माझं काम होतं. तेव्हा माझ्या पायरीवर माणसांची रीघ असायची. निवृत्त झाल्यापासून घंटा वाजली की मी आधी दचकते आणि मग केस सारखे करते.

दारात साठीची एक उंच बाई होती. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा.

“मी युनिस ब्रॅटवोल्ड,” ती म्हणाली. “नेल्सची आई.”

नेल्स कोण ते सगळ्या देशाला माहीत होतं. परक्या मुलखात विहिरींवर पंप बसवायला गेलेला मुलगा. त्या टोळीने त्याला उचललं, आणि सात महिन्यांनी त्याची पेटी घरी आली. आई आणि सिनेटर एकाच गावचे. डकोटातल्या गोठलेल्या जमिनीत त्या पेटीला खांदा देणाऱ्यांत लोवेलही होते.

तिने डबा उघडला. साखर लावून गुंडाळलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या. “रिकाम्या हाताने काम सांगायची मला सवय नाही,” ती म्हणाली. “शुक्रवारी सकाळी पत्रकारांनी मला सिनेटच्या पायऱ्यांवर बोलावलंय. लोवेल विकला गेला का, एवढंच त्यांना माझ्या तोंडून हवंय. मी हो म्हटलं तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत गावचं कुत्रंही त्याला मत देणार नाही. नाही म्हटलं तर तो सुटेल. पण मला खरं काय ते ठाऊकच नाही, बाई. शोधून द्या.”

“आणि खरं वाईट निघालं तर?”

“नेल्सनंतर मी विश्वास ठेवलेला तो एकच माणूस आहे. वाईट असेल तर तेही कळू दे.”

२

तिला मी आधी बोलू दिलं. मतदानाच्या दिवशी ती वरच्या सज्जात बसली होती. तिला तो सगळा प्रकारच चमत्कारिक वाटला होता. एवढा मोठा निर्णय, आणि ही मंडळी डुलत डुलत यायची, कारकुनाला अंगठा दाखवायची, वर किंवा खाली, आणि गप्पा मारत निघून जायची. तिच्या गावात बैल विकतानाही यापेक्षा जास्त बोलतात म्हणे. मी तिला सांगितलं की आमच्याकडे तीच रीत आहे, तोंडाने मत देणारे लोवेलसारखे जुने लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

त्याआधी आठवडाभर ती दारोदार फिरली होती. सगळ्यांनी हात हातात घेतले, घड्याळाकडे पाहिलं. एक म्हातारा तेवढा वेगळा भेटला, लिफ्टमध्ये. नेल्सला जेवायला काय आवडायचं ते विचारत राहिला, स्वतःचा मजला आला तरी उतरला नाही. मग खिशातून आल्याची एक वडी काढून दिली. ती इतकी झणझणीत होती की हिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो म्हणाला, “छान, आता रडलात तरी कोणी विचारणार नाही.” उतरताना म्हणाला की या खेपेला होईल तुमचं. नाव काय ते तिने विचारलं नाही. असं सगळेच म्हणतात, ती म्हणाली.

लोवेलवर आरोप होता तो एका छायाचित्रावरून. मतदानाच्या आदल्या संध्याकाळचं. सिनेटच्या टेकडीमागच्या खाणावळीत लोवेल उंच स्टुलावर बसलेले, पुढे खेकड्यांच्या सूपचं भांडं, आणि शेजारच्या स्टुलावर प्रेस्टन गेथर. हा गेथर त्याच बँकांची वकिली करत आमच्या शहरभर फिरतो. संध्याकाळी सूप आणि दुसऱ्या दिवशी मौन. लोकांनी दोन्हीची सांगड घातली, आणि मी असते तर मीही घातली असती.

दुपारी मी लोवेलच्या कार्यालयात गेले. म्हातारा खिडकीपाशी बसला होता. भिंतीवर बायकोचा फोटो, टेबलावर एकच कप. आमची ओळख तीस वर्षांची. एकदा मी त्यांची चौकशी केली होती आणि त्यांच्या अंगावर धूळही सापडली नव्हती, तेव्हापासून ते नाताळला मला मध पाठवतात.

“कोणी पाठवलं?” त्यांनी विचारलं.

“युनिसने.”

ते म्हणाले की युनिसला वाटेल ते म्हणायचा हक्क आहे, ती जे म्हणेल ते मी ऐकून घेईन. गेथरने पैसे दिले का, असं मी सरळ विचारलं. त्यावर ते हसले, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. कुणाला वाचवताय का, तर टेबलावरचा कप उचलून दुसरीकडे ठेवला. मी उठले तेव्हा त्यांनी मला दारातून परत बोलावलं.

“थिया, तू थांबणार नाहीस हे मला माहीत आहे. पण जिथे जाशील तिथे सांभाळून बोल.”

तीस वर्षांत या माणसाने मला कधी धमकी दिली नव्हती. 

३

लोवेलच्या कार्यालयाचा सगळा कारभार कोरिन व्हास्को बघते. हुशार बाई, जीभ तिखट. तिने मला बाहेरच्या बाकावर नेलं आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की ती नोकरी सोडते आहे.

“बारा वर्षं या माणसाच्या मतांचा मला अभिमान होता, बाई. लोक आईबापांचे फोटो लावतात, मी त्यांच्या मतांचा तक्ता भिंतीवर लावायचे. त्यात आता एक भोक पडलंय, आणि ते मलाही सांगत नाहीत ते कशाचं.”

वर्तमानपत्राला छायाचित्र तिने तर दिलं नाही ना, असा मला संशय होता. तसं विचारल्यावर ती चिडली नाही, थकल्यासारखी बघत राहिली. छायाचित्र खाणावळीतल्या कुणा गिऱ्हाइकाने काढलं होतं. ती म्हणाली की घरातला भेदी शोधत असाल तर तो मिळणार नाही, या घरात आता कोणी उरलेलंच नाही.

मग मी त्या दुपारचं विचारलं. मतदान सुरू झालं तेव्हा लोवेल आत निघालेच होते. तेवढ्यात मागच्या खोलीतल्या फोनच्या खोक्यात, म्हणजे जुन्या बूथमध्ये, फोन वाजला, आणि तो त्यांच्यासाठी होता. दारातून कोरिनला ते दिसत होते. बोलणं थोडकंच झालं. मग ते बाहेर येऊन खुर्चीत बसले, आणि बसूनच राहिले.

“फोन तुमच्याकडून जोडला?”

“नाही ना. तेच तर. मी कार्यालयात सगळ्यांना विचारलं. त्यांच्या मोबाइलवरही काही आलं नव्हतं. फोन सरळ तिथेच आला.”

मी बाकावर बसून राहिले. त्या खोक्यातला तो जुना फोन नंबर आता कोणाकडे असतो? गेथरसारख्या तरण्या वकिलांकडे नाही, त्यांचं सगळं मोबाइलवर चालतं. तो नंबर असतो सदस्यांकडे. आणि मोबाइल नव्हते तेव्हापासून, नवरा जेवायला कधी येणार हे विचारण्यासाठी, तो त्यांच्या बायकांकडे असतो.

पण लोवेलची बायको तर सहा वर्षांपूर्वी गेली होती.

४

तरी गेथरला सोडणं बरोबर नव्हतं. बुधवारी मी त्याला त्याच्या काचेच्या कचेरीत गाठलं. तो इतका मोकळेपणाने बोलला की मला त्याचा रागच आला.

“थियाबाई, मी गेलो होतो मत फिरवायलाच. तोच माझा धंदा आहे. पण तुमच्या त्या म्हाताऱ्याने मला सूपसुद्धा मागवू दिलं नाही. मी स्टुलावर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, ऊठ.”

“का?”

“म्हणाला, ही जागा घेतलेली आहे. मी म्हटलं, कोणी दिसत तर नाही. तो म्हणाला, येईल. अर्धी संध्याकाळ मी लांबच्या टेबलावरून पाहत होतो. कोणी आलं नाही. म्हातारा दाराकडे बघत होता, सूप गार होत होतं. शेवटी टोपी घालून गेला. खरं सांगू का, मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ठराव पडला तेव्हा माझ्या पक्षकारांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली. पण मी काहीही केलं नव्हतं.”

यावर विश्वास ठेवावा का? धंदेवाईक खोटं बोलणारा माणूस स्वतःचा पराक्रम वाढवून सांगतो. हा तर उलट, फुकट मिळालेला पराक्रम माझ्यापाशी परत करत होता.

मी खाणावळीत गेले. लोवेल रोज कोणासाठी जागा धरायचे, हे विचारायला फार कष्ट पडले नाहीत. स्वयंपाकघरातून वाढणाऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शहरात नवीन आहे. अँब्रोज व्हिटलॉक, ती म्हणाली, आणखी कोण? समोरच्या पक्षाचे. दोघं रोज संध्याकाळी इथे भांडायचे आणि बिल अर्धं अर्धं करायचे.

मी तिथेच बसले. त्या दिवशी सभागृहात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी मत दिलं होतं. सगळा देश लोवेलच्या गैरहजेरीबद्दल बोलत होता, आणि दुसऱ्याचं नाव कोणीच काढलं नव्हतं. ते दुसरे अँब्रोज. त्यांना झटका आला होता हे नंतर कळलं, आणि पंधरवड्यात ते गेले. मेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की तू त्या दिवशी कुठे होतास.

त्यांची बायको मात्र जिवंत होती. आणि तिच्याकडे तो नंबर असणार.

५

ओडिल व्हिटलॉकने दार उघडलं आणि मला मिठीच मारली. “थिया, अगं किती वर्षांनी. ये, ये. कोणी येतच नाही गं.”

घर नीट होतं, आणि फार शांत. टीव्ही दिसला नाही. वर्तमानपत्रही नव्हतं. मी सहज म्हटलं, तर ती म्हणाली की लोवेलनेच बंद करायला लावलं, नुसते ढीग साठतात म्हणाला. टीव्ही बिघडला तो त्यानेच दुरुस्तीला नेला, अजून परत आणतोय. दर रविवारी येतो. दिवे बदलतो, छपराची पन्हळ साफ करतो, पक्ष्यांना दाणे घालतो. सिनेटबद्दल अवाक्षर काढत नाही. तिने हसून सांगितलं की या घराला आता दिव्यांची अजिबात गरज उरलेली नाही, तरी तो नवीन दिवा घेऊन येतो आणि मी जुना काढू देते.

मेजावर काचेचं भांडं होतं. तिने ते माझ्यापुढे सरकवलं. मेणकागदातल्या आल्याच्या वड्या. मी एक तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं.

“अँब्रोजच्या,” ती म्हणाली. “संपवायला माणूसच नाही.”

लोवेलचं बोलणं मला आठवलं. सांभाळून बोल. मी काहीच विचारलं नाही, फक्त म्हटलं की शेवटचे दिवस कठीण गेले असतील. आणि तिने आपणहून सगळं सांगितलं, कारण तिला ते सांगायला माणूसच मिळालेलं नव्हतं.

अँब्रोजना मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी झटका आला. वाचा गेली. कोणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण लेक जगाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने येत होती, आणि तिला बापाचं बातम्यांतून कळू नये एवढीच ओडिलची धडपड होती. मतदानाच्या दुपारी अँब्रोज पलंगावरून उठायला बघू लागले. बूट मागायला लागले, बोटाने दाखवून. सभागृहात जायचंय हे तिला कळलं. नर्सला आवरेनात.

“मग मला सुचलं,” ओडिल म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. “तुमची ती जोडीची रीत. एकाला येता येत नसेल तर समोरच्या बाजूच्या मित्राने आपलंही मत राखून ठेवायचं. दोन्ही बाजूंचं एकेक गेलं, कोणाचं नुकसान नाही. अँब्रोज नेहमी म्हणायचा, सभ्य माणसं असंच करतात. मी लोवेलला फोन लावला. म्हटलं, तू होय म्हणणार, हा नाही म्हणणार, बावीस वर्षं तेच चाललंय. आज दोघंही गप्प बसा. आणि उभा राहून जाहीर करू नकोस, पोरगी अजून विमानात आहे. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाला, झालं समज.”

“आणि अँब्रोज?”

“मी त्याला सांगितलं, आता नीज, लोवेलने जोडी लावली. तर उलट जास्तच कासावीस झाला. बोलता येईना, सारखा असा अंगठा वर करत राहिला.” तिने करून दाखवलं. “नर्स म्हणाली, बघा, सगळं ठीक आहे म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी लोवेल आला तर त्यालाही तसाच अंगठा दाखवला. लोवेलने तो मुठीत धरला आणि रडायलाच लागला. म्हातारे पुरुष फार लवकर रडतात गं.”

मी वड्यांचं भांडं तिच्याकडे परत सरकवलं.

“शेवटच्या दिवसांत मी त्याच्यासाठी काही करू शकले नाही, थिया,” ओडिल म्हणाली. “ती एक गोष्ट तेवढी बरोबर केली.”

६

गुरुवारी संध्याकाळी लोवेल नेहमीच्या स्टुलावर होते. शेजारचं रिकामं होतं. मी त्यावर बसले नाही, पलीकडच्या स्टुलावर बसले. ते त्यांच्या लक्षात आलं.

“तू ओडिलकडे गेली होतीस,” ते म्हणाले.

“सांभाळून बोलले. तिला काही कळलेलं नाही.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी सांगायला लागले, आणि त्यांनी अडवलं नाही. फोन त्या खोक्यात आला म्हणजे तो गेथरचा नव्हता, जुन्या सदस्यांच्या बायकांपैकी कुणाचा तरी होता. दोघं गैरहजर होते म्हणजे जोडी लागली होती. इथवर लोवेल निर्दोष होते. अँब्रोज येऊन ‘नाही’ म्हणाले असते आणि लोवेल ‘होय’, तर पन्नास विरुद्ध पन्नास होऊन ठराव तसाही पडला असता. मित्राचा मान राखला आणि कोणाचं काही गेलं नाही. मग अँब्रोज गेल्यावर, लेक पोचल्यावर, हे सांगून टाकायला काय हरकत होती? ओडिलने हसत साक्ष दिली असती. चार महिने शिव्या खायचं कारणच नव्हतं.

“म्हणून मला कळलं की हिशोब असा नव्हता,” मी म्हटलं. “लिफ्टमध्ये युनिसला एका म्हाताऱ्याने आल्याची वडी दिली आणि म्हणाला की या खेपेला होईल. ती वडी काल मी खाल्ली. आणि पलंगावरचा माणूस सगळं ठीक आहे म्हणत नव्हता. सगळं ठीक असलेला माणूस बूट मागत नाही. त्याचं नाव पुकारलं जायची वेळ झाली होती, आणि तो जन्मभर जसं मत देत आला तसंच देत होता. अंगठा वर म्हणजे होय.”

लोवेलनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

“त्या आदल्या संध्याकाळी तो मला तेच सांगायला येणार होता,” ते म्हणाले. “सकाळी निरोप होता, आज सूप माझ्याकडून, तुला धक्का द्यायचाय. असं ओडिलकडून फोनवर कळवलेलं. काय धक्का ते तिलाही नाही सांगितलं. तो लबाड असाच होता. दुपारी पडला. मला पत्ता नाही. मी इथे वाट बघत बसलो.”

दोघांची मतं मिळून एक्कावन्न झाली असती. ठराव पास झाला असता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच दोघे मित्र एका बाजूला होते, आणि एकाने दुसऱ्याचा मान राखायला म्हणून दोघांचीही मतं बुडवली.

“मी जोडी म्हटलं की पत्रकार ओडिलच्या दारात जाणार,” लोवेल म्हणाले. “ठराव कुठला, नेल्स कोण, सगळं तिला कळणार. मग तिला तो अंगठा आठवेल. ती बावळट नाही. ती उरलेलं आयुष्य त्या अंगठ्याकडे बघत काढेल, थिया. मला विकला गेला म्हटलेलं परवडतं.”

“युनिसला परवडत नाही. आणि मी काम तिचं घेतलंय.”

“सांगशील तिला?”

“सगळं.”

त्यांनी मान हलवली. तिचा हक्क आहे, म्हणाले.

७

शुक्रवारी पत्रकारांच्या आधी मी युनिसला गाठलं आणि पायऱ्यांच्या बाजूला, झाडाखालच्या बाकावर सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, तो वडीवाला म्हातारा का, म्हणून. मी हो म्हटल्यावर तिने तोंडावर हात धरला.

मला वाटलं ती ओरडेल. तिचं ओरडणं मी समजून घेतलं असतं. तिच्या मुलाला नेणाऱ्या टोळीविरुद्धचा ठराव एका बाईच्या मायेने पडला होता. आता युनिस चार शब्द बोलली असती तर तिच्या गावचा सज्जन माणूस सुटला असता आणि ओडिल नावाची, तिची कोणीही नसलेली बाई मोडून पडली असती.

“तिला मूलबाळ?” युनिसने विचारलं.

“एक लेक. लांब असते.”

“म्हणजे घरात एकटीच.”

ती उठली. मी मागे राहिले. इतके माइक तिच्या तोंडापुढे धरले होते की चेहरा दिसेना. सिनेटर अमंडसन विकले गेले का, असं कोणीतरी विचारलं.

“मी चौकशी केली,” युनिस म्हणाली. “मला उत्तर मिळालं. लोवेल विकला गेलेला नाही. का ते मी सांगणार नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी.”

एवढ्याने भागणार नव्हतं, आणि भागलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की आईलाही गप्प केलं. नोव्हेंबरात लोवेल हरले, आणि बरेच हरले. कोरिन मात्र गेली नाही. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, युनिसचा शब्द तिला पुरला.

पण त्याआधी सप्टेंबरात ठराव पुन्हा आला. सज्जात युनिस आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. अमंडसन, कारकुनाने पुकारलं. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा तो खणखणीत आवाज येईल. लोवेल जागेवरून उठले, पुढे जाऊन उभे राहिले, आणि काही न बोलता अंगठा वर केला. कारकुनाने नोंद घेतली तरी हात खाली येईना. कारकून गोंधळून वर बघत राहिला. ठराव पास झाला.

संध्याकाळी आम्ही खाणावळीत गेलो. लोवेल आधीच येऊन बसले होते, दाराकडे पाठ करून. युनिस त्यांच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलापाशी जाऊन थांबली.

“ही जागा घेतलेली आहे का?” तिने विचारलं.

लोवेलनी तिच्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून दिलं. तिने पर्समधून मेणकागदातली वडी काढून त्यांच्या सूपशेजारी ठेवली. ती कुठून आणली हे मी विचारलं नाही. नंतर कळलं की गेल्या रविवारी ओडिलकडे दिवा बदलायला लोवेलच्या आधी हीच जाऊन आली होती, सिनेटरांची गाववाली म्हणून.

“नेल्सला दोन्ही मतं पोचली, लोवेल,” ती म्हणाली. “मार्चमध्येच.”

मग तिने सूप मागवलं, आणि मीही.